साहेबाचं गवत आणि संगप्पाची दोन बोटं

शुक्रवारी दुपारी आमच्या गल्लीत बातमी आली, की मिलच्या मॅनेजरसाहेबानं संगप्पा हत्तुरेला गवत खायला लावलं.

बातमी आणली काशम्मानं. ती साहेबाच्या बंगल्यावर दही घालते. तिनं कुंपणातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं : संगप्पा हिरवळीवर पालथा पडलेला, गाल जमिनीला टेकलेला, तोंड गवतात, आणि डोक्याशी हेडक्लार्क वेणीमाधवपंत छत्री टेकून उभे. यापुढचं तिला पाहायची गरज वाटली नाही. चार वाजेपर्यंत मूठभर गवताची पेंढी झाली, पाचला दोन पेंढ्या झाल्या, आणि बातमी बाळीवेशीपर्यंत पोचली तेव्हा साहेबानं वरून कडबाही घातला होता.

तर खरं काय ते सांगतो. संगप्पानं गवत खाल्लं नाही. तो गवताची उंची पाहत होता. मी त्याचा शेजारी, शाळामास्तर. आमच्या दोघांत एकच भिंत आहे आणि ती त्यानंच लिंपलेली असल्यामुळे पलीकडचं सगळं इकडे ऐकू येतं, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

संगप्पा मिलमध्ये अठरा वर्षं फिटर होता. रुसलेल्या मागाला हात लावला की माग चालू. निदान तो तरी असं सांगतो, आणि मागांना काही बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी दात्यांच्या चाकात त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट सापडलं. बोट वाचलं, पण सांध्याशी असं जाड होऊन बसलं की आत कुणी सुपारी शिवून ठेवली असावी. मिलच्या डॉक्टरनं सांगितलं, सूज आहे, उतरेल. सूज उतरली नाही, संगप्पा मात्र उतरला. वेणीमाधवपंतांनी त्याला फिटिंग खात्यातून काढून कापसाच्या यार्डात गाठी मोजायला बसवलं. "फिटरचा हात हेच त्याचं हत्यार," पंत म्हणाले. "हत्यार बिघडलं की बदली करावी लागते." पंतांचा स्वतःचा हात टाक आणि तपकिरीची डबी यांपलीकडे कशाला लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण हाताबद्दल ते अधिकारानं बोलतात.

संगप्पाला हे लागलं. त्यानं दोन वर्षं एकच धोशा लावला : बोट ठणठणीत हाय, बोटाला काय बी झालेलं न्हाय. आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यानं गल्लीतली प्रत्येक मोडकी वस्तू दुरुस्त करायला घेतली. गल्लीनं त्याचं काही वाईट केलं नव्हतं.

संगप्पाची काम करण्याची एक पद्धत आहे. तो फूटपट्टी वापरत नाही. "पट्टी घरी इसरते मास्तर, बोटं कुटं इसरत्यात?" असं तो मला म्हणतो. दोन बोटं, चार बोटं, वीत, असं त्याचं माप. त्यातही त्याची मोठी करामत अशी, की तो वस्तूसमोर उकिडवा बसतो आणि दोन्ही हात एकदम दोन्ही बाजूंना घालतो. उजवी बाजू उजव्या हाताच्या बोटांनी, डावी डाव्या हाताच्या. एका दमात दोन मापं. बाकीचे कारागीर इकडून उठून तिकडे जातात, तो वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात तो आपल्या पद्धतीचं कौतुक करतो.

या पद्धतीनं त्यानं माझी बाज दुरुस्त केली. त्या दिवसापासून मी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो आणि सकाळी भिंतीला चिकटून उठतो. चंद्रव्वाच्या दाराला त्यानं खालून फळी मारली, तेव्हापासून तिचं मांजर बंद दाराच्या एका कोपऱ्यातून येतं-जातं. वीरभद्रप्पा वाण्याच्या तराजूच्या साखळ्या त्यानं नव्यानं जोडून दिल्या. संगप्पाच्या सगळ्या गिऱ्हाइकांत वीरभद्रप्पा एकटा समाधानी आहे. मी एकदा विचारलंही, "संगप्पा, तुम्ही दुरुस्त केलेलं सगळं एका बाजूला का हो कलतं?"

"जमीन कलती हाय मास्तर," तो म्हणाला. "सोलापूरच सगळं तळ्याकडं कललंय. सरकारी मोजणीचं कागद मागवून बघा."

कागद मागवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

आता साहेबाच्या गवताकडे येतो. आमच्या गल्लीच्या नळाला पाणी एक वेळ येतं, तेही स्वभावानुसार. साहेबाच्या गवताला पाणी दोन वेळ. त्यामुळे ते गवत आमच्यापेक्षा टवटवीत दिसतं आणि दर आठवड्याला कापावं लागतं. त्यासाठी विलायतेहून एक यंत्र आलेलं आहे. दोन बाजूंना दोन लोखंडी चाकं, मध्ये गोल फिरणारी पाती, मागे लांब दांडा. माळ्यानं दांडा धरून ढकलत मागून चालायचं. गोपाळ माळी तेच करतो, आणि आपण साहेबाचा नांगर हाकतो असं घरी सांगतो.

चाकं किती वर किंवा खाली बसवायची यावर गवत किती उंच राहणार हे ठरतं. त्यासाठी दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली पट्टी असते. हव्या त्या भोकात चाकाचा बोल्ट अडकवायचा, झालं. पण दहा वर्षांच्या धक्क्यांनी ती भोकं झिजून खारकेएवढी लांबट झाली होती. बोल्ट जागेवर राहीना. गोपाळ यंत्र ढकलू लागला की चाक आपोआप वर सरकायचं, पाती खाली यायची आणि गवताबरोबर माती उचलायची. गोपाळनं बोल्टला काथ्या बांधून पाहिला, मग चिंधी, मग देवाचं नाव. हिरवळीवर ठिकठिकाणी टक्कल पडलं. आणि शनिवारी संध्याकाळी तर दुसऱ्या गिरण्यांचे साहेब येणार होते. मोगरीसारख्या दांड्यानं लाकडी चेंडू ढकलत कमानीतून नेण्याचा त्यांचा एक खेळ आहे. तो टकलावर खेळता येत नाही.

फिटिंग खात्याचा मुख्य मिस्त्री रजेवर होता. उरलेल्यांनी यंत्र पाहिलं आणि सगळ्यांच्या पोटात एकदम दुखू लागलं. शेवटी सोमवारी साहेबानंच विचारलं, की पूर्वी तो मोठ्या आवाजाचा फिटर होता तो कुठे आहे? पंतांना नाइलाजानं यार्डात जावं लागलं.

"संगप्पा," पंत म्हणाले, "साहेबांचं यंत्र शनिवारच्या आत सरळ चाललं पाहिजे. चाललं तर पुढच्या सोमवारपासून तू पुन्हा फिटिंग खात्यात. साहेबांचा शब्द आहे. नाही चाललं तर जन्मभर गाठी मोज, आणि बोटाचं रडगाणं पुन्हा माझ्या टेबलापाशी आणायचं नाही."

"रडगाणं कवा गायलो पंत?" संगप्पा म्हणाला. "बोट ठणठणीत हाय, एवडंच सांगत होतो."

यंत्र हातगाडीवर घालून गल्लीत आलं. पोरंसोरं, बायाबापड्या, सगळे बघायला. चंद्रव्वानं विचारलं, की यात शेवया होतात का. मी म्हणालो, "संगप्पा, याला हात लावण्याआधी गल्लीतल्या माणसांची साक्ष काढली असती तर साहेबानं गवत वाढू दिलं असतं."

"मास्तर, तुमी शाळेत पोरं दुरुस्त करता," तो म्हणाला. "ती कुटं सरळ चालत्यात?"

तीन दिवस त्यानं ते काम केलं, आणि चेष्टा बाजूला ठेवून सांगायचं तर नीट केलं. झिजलेल्या पट्ट्या काढून टाकल्या. जुन्या मागाची जाड लोखंडी पट्टी कापून नव्या दोन घडवल्या. बोल्टचे आटे बुजले होते, ते नव्यानं पाडले. हातानं सामता फिरवून भोकं पाडताना तो ओठ दाबून धरायचा आणि तेवढा वेळ गल्लीत शांतता असायची. भोक कुठे पाडायचं हे ठरवताना यंत्र अंगणातल्या शहाबादी फरशीवर ठेवलं, समोर उकिडवा बसला, दोन्ही हात आडवे करून दोन्ही बाजूंनी पात्याखाली घातले. तर्जनी आणि मधलं बोट, एकावर एक. दोन बोटं उंची. इकडं दोन, तिकडं दोन. खडूनं खूण केली आणि भोक पाडलं. एकदा पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तसंच घेतलं.

त्याची बायको गुरम्मा दारात बसून जोंधळे निवडत होती. ती म्हणाली, "पट्टी आणू का शेजारनं?"

"का? माझी बोटं काय उसनी हायत?"

"मी आपलं इचारलं की," गुरम्मा म्हणाली आणि खडा काढून बाहेर टाकला.

शुक्रवारी सकाळी यंत्र बंगल्यावर गेलं. गोपाळनं दांडा धरला आणि चालू लागला. बोल्ट जागचा हलला नाही. चाकं घट्ट. मातीला पातं शिवलं नाही. संगप्पानं मिशीवरून हात फिरवला. पंतांनीही तपकीर ओढली, म्हणजे त्यांचा विरोध नव्हता. गोपाळ टोकाला जाऊन वळून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. अर्धी हिरवळ झाल्यावर साहेबाच्या मडमेनं व्हरांड्यातून पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. पंतांनी त्याचं मराठी केलं : "बाईसाहेब विचारताहेत, की गवतावर चादर कुणी वाळत घातली?"

हिरवळीवर पट्टे उठले होते. प्रत्येक पट्टा एका कडेला आखूड, दुसऱ्या कडेला उंच. गोपाळ जाऊन-येऊन कापत होता, म्हणून आखूड कडेशेजारी आखूड, उंच कडेशेजारी उंच. आपल्याकडच्या मागावरून उतरावी तशी चादर, हिरव्या रंगाची. साहेबानं एक लाकडी चेंडू आणवून ढकलला. चेंडू कमानीकडे निघाला, पट्ट्याच्या उताराला लागला, आणि सदऱ्याच्या खिशातून रुपया निसटावा तसा गुलाबाच्या वाफ्यात जाऊन बसला.

याच वेळी संगप्पा पालथा पडला आणि गाल जमिनीला लावून पट्टे कुठून कुठे कलले आहेत ते पाहू लागला. याच वेळी काशम्मा दही घेऊन आली. पुढचं आपल्याला माहीत आहे.

"उद्या दुपारपर्यंत," पंत छत्रीवर भार देत म्हणाले. "नंतर पाहुणे येतात."

"जमीन..." संगप्पानं सुरुवात केली.

"जमीन साहेबांनी पाणसळ लावून करून घेतलेली आहे," पंत म्हणाले. पाणसळ म्हणजे ती काचेची नळी, पाण्यातला बुडबुडा मध्ये आला की जागा सपाट. त्या बुडबुड्यानं सोलापूर कलतं असल्याचा मुद्दा कायमचा निकालात काढला.

दिवेलागणीला मी मुद्दाम त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. हातात वाटीभर चुरमुरे होते. "संगप्पा, गवत गोड होतं का?" मी विचारलं.

त्यानं वाटी बाजूला सारली. हा माणूस टोमणा परत करत नाही म्हणजे काहीतरी मोडलं आहे, आणि ते दुरुस्त करायला तो स्वतःच बसला आहे, असं मला वाटलं. यंत्र पुन्हा फरशीवर होतं. तो पुन्हा समोर उकिडवा बसला, दोन्ही हात पात्याखाली घातले. इकडं दोन बोटं. तिकडं दोन बोटं. "बरोबर हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "बरोबर हाय की."

गुरम्मा आतून पोळपाट आणि एक लिंबू घेऊन बाहेर आली.

"हात तसंच धरा," ती म्हणाली. "फरशीवर टेकवा. दोन्ही."

"आता पोळ्या लाटतीस का हातावर?"

"टेकवा की."

त्यानं हात काढून फरशीवर आडवे टेकवले, मधलं बोट खाली, तर्जनी वर, पात्याखाली ठेवले होते तसेच. गुरम्मानं पोळपाट दोन्ही हातांवर आडवा ठेवला आणि मधोमध लिंबू ठेवलं. लिंबू क्षणभर थांबलं. मग उजवीकडे घरंगळत गेलं, पोळपाटावरून पडलं आणि माझ्या चपलेत येऊन बसलं.

तिनं लिंबू उचललं आणि पुन्हा ठेवलं. लिंबू पुन्हा उजवीकडे.

"डावं बोट जाड हाय तुमचं," गुरम्मा म्हणाली. "एका जोंधळ्याएवडं. दोन वरसं झाली, मी रोज बघत्ये. तुमी म्हनताय ठणठणीत, म्हून बोलले न्हाय."

माझ्या डोळ्यांसमोरून माझी बाज गेली, चंद्रव्वाचं दार गेलं, वीरभद्रप्पाचा तराजू गेला. दोन वर्षांचा सगळा उतार त्या एका सांध्यातून निघाला होता. सांगायला लाज वाटते, पण इतकं आयतं हातात आलेलं असताना मला त्या वेळी एकही टोमणा सुचला नाही. संगप्पा आपल्या बोटाकडे पाहत होता. दोन वर्षं ज्याची वकिली केली त्यानंच भर कोर्टात साक्ष फिरवावी, असं त्याचं तोंड झालं होतं. पंत म्हणाले होते ते खरं निघालं, एवढंच त्यात नव्हतं. उद्या यंत्र सरळ केलं तरी पंतांना कारण कळलं की फिटिंग खातं गेलं, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

"कुणाला सांगू नगा मास्तर," तो म्हणाला.

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त घरी सांगितलं. घरातून ते काशम्माला कसं कळलं मला माहीत नाही, आणि काशम्मा शनिवारी सकाळी बंगल्यावर दही घालायला जाणार हे माझ्या लक्षात आलं नाही. गवत खाल्ल्याची बातमी खोटी होती तरी काशम्माला कुणी हटकलं नव्हतं. ही तर खरी होती.

शनिवारी पहाटेच उठून संगप्पानं डावी पट्टी पुन्हा नवी केली आणि भोक एक जोंधळा सरकवून पाडलं. या वेळी दोन्ही बाजू एकाच उजव्या हातानं मापल्या. उठून इकडून तिकडे गेला, पुन्हा तिकडून इकडे आला, कारागिरासारखा. मी ते यंत्र पाहायला बंगल्यापर्यंत गेलो. शाळेला सुट्टी होती, आणि काशम्मानं काय सांगितलं असेल याची मला थोडी काळजीही वाटत होती.

गोपाळनं सगळी हिरवळ कापली. एकही पट्टा नाही. साहेबानं चेंडू ढकलला. चेंडू सरळ निघाला, कमानीतून गेला आणि पलीकडे जाऊन आज्ञाधारकपणे थांबला. साहेबानं मान हलवली. संगप्पानं मिशीकडे नेलेला हात मध्येच खाली घेतला, कारण पंत पुढे झाले होते.

पंतांना सगळं कळलेलं होतं. पोळपाटासकट. लिंबासकट. ते साहेबाला इंग्रजीत सांगू लागले आणि मग संगप्पालाही कळावं म्हणून मराठीत आले. "यंत्र सरळ झालं हे मान्य," ते म्हणाले. "पण दोनदा करावं लागलं. का? याचा डावा हात खोटं माप देतो. याच्याच घरी ते सिद्ध झालं आहे, शेजाऱ्यांची साक्ष आहे." इथं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबाकडे पाहिलं. "असा हात फिटिंग खात्यात घ्यायचा, तर उद्या शंभर माग कलते चालतील. म्हणून माझं म्हणणं, की याला यार्डातच ठेवावा. तुला काही सांगायचं आहे का, संगप्पा?"

संगप्पाला सांगायचं होतं. त्यानं ते सांगितलं आणि साहेब हसला. साहेबाला मराठी कळतं हे पंतांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि इतक्या वर्षांत त्याच्यासमोर आपण मराठीत काय काय बोललो हे आठवत ते खुर्ची शोधू लागले. सोमवारपासून संगप्पा फिटिंग खात्यात आहे. खिशात फूटपट्टी असते. गल्लीतल्या वस्तू तो एकेक परत नेऊन सरळ करतो आहे. माझी बाज झाली. चंद्रव्वाचं मांजर आता दार उघडायची वाट पाहतं. वीरभद्रप्पा मात्र तराजू काही केल्या देत नाही.

संगप्पा तिथं, साहेबाच्या त्या सपाट हिरवळीवर, डावा हात पुढे करून जे बोलला ते असं :

"उजव्या हाताचं माप पैल्यापास्नं बरोबर हाय साहेब, ते माझं. हे डावं बोट मिलच्या चाकात गेलं आन मिलनंच त्याला असं घडवून परत दिलं, तवा ह्याचं वाकडं काम मिलच्या नावावर मांडा. काढायचं तर ह्याला कामावरनं काढा, पर त्याच्यापायी मला यार्डात बसवू नगा."